मूळ प्रत जोडावी

काठी,
१९ जानेवारी २०२५

भूपेंद्रभाऊ,

सप्रेम नमस्कार. पाकीट बघून हसला असशील. फोनवर लिहिलं की तू निळी खूण करून सोडून देतोस. पत्राचं तसं नाही, ते निदान फाडावं तरी लागतं. शिवाय इथे रेंज शोधायला मोलगीपर्यंत जावं लागतं, आणि आपल्या घरच्या ग्रुपवर लिहिलं तर गावी, प्रकाशाच्या घाटावर संध्याकाळपर्यंत चर्चा.

काम आहे. संगणक शिक्षकाच्या कायम जागेची परीक्षा दिली होती, माहीत आहेच तुला. नऊ वर्षं झाली मी या आश्रमशाळेत तासिकेवर शिकवते. यादी एकशे बेचाळीसवर थांबली, मला एकशे एक्केचाळीस. एका मार्कानं गेले, भाऊ. आणि तो मार्क माझा आहे.

प्रश्न सांगते. मानक एसक्यूएलनुसार, ज्या रकान्याला 'युनिक' असं बंधन आहे, त्यात किती ओळी 'नल' म्हणजे कोऱ्या राहू शकतात? मी लिहिलं, कितीही. त्यांची उत्तरतालिका म्हणते, एकच. मी पोरांना नऊ वर्षं हे शिकवते. एक किंमत दोनदा येऊ नये, एवढंच ते बंधन. कोरी जागा म्हणजे किंमत नव्हेच, म्हणजे अजून माहीत नाही.

हरकत घ्यायला २८ फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे. टपालानं पाठवायची, आणि 'अधिकृत संदर्भाची प्रत जोडावी. गाइड, ब्लॉग, यूट्यूब ग्राह्य नाही.' अधिकृत म्हणजे ते आंतरराष्ट्रीय मानक. मानकवाल्यांच्या साइटवर प्रस्तावना आणि अनुक्रमणिका फुकट दिसते, पुढे कुलूप. हव्या त्या एका भागाला माझ्या दोन-तीन महिन्यांच्या तासांचे पैसे जातील. दिल्लीच्या मानक ब्युरोच्या साइटवर पुष्कळ काही फुकट आहे, त्यात मला हे सापडलं नाही. तू अठरा वर्षं पुण्यात याच धंद्यात आहेस. तुमच्या कंपनीत हे मानक असेल ना? मला एकच पान पाहिजे.

पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही. ही जागा मिळाली तर क्वार्टर मिळतं, आणि आईला तुमच्या पडवीतून इकडे आणता येतं. हे तुला लिहिताना वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

काका-काकूंना नमस्कार कळव.

रोहिणी

---

पुणे,
२७ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

रोहे, तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. रिसेप्शनवाल्या मुलीनं विचारलं, सर, कोर्टाची नोटीस आली का? शाळेत निबंधात पहिली यायचीस तो हात अजून गेलेला नाही.

एका मार्काचं ऐकून वाईट वाटलं. पण राग मानू नकोस, जरा मोठ्या भावासारखं बोलतो. एका मार्कावर अडकणाऱ्या माणसाचे आधीचे दहा मार्क कुठे गेले, ते आधी बघावं. तू मात्र नेहमी शेवटच्या दाराशी जाऊन भांडतेस. सासरीही तसंच केलंस.

राहिलं मानक. कंपनीत असलं काही ठेवत नाहीत, आम्ही काम करतो, ग्रंथ वाचत बसत नाही. पण तू संगणक शिकवतेस आणि तुला शोधता येत नाही? आजकाल सगळं फुकट मिळतं, शोधता आलं पाहिजे. मसुदे असतात, व्याकरणाचे तक्ते असतात, हौशी लोकांनी टाकलेले असतात. लाग कामाला. पोरांना गूगल शिकवतेस, स्वतःही शिक.

आता माझं काम. रस्त्याकडच्या तुकड्यावर मंगल कार्यालयाचं नक्की झालंय. मोठीआईनं, तुझ्या आईनं, हक्कसोडीवर अंगठा दिला. आता तुझी एक सही राहिली. यंदा अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आहे, आखाजीला तू माहेरी येशीलच, तेव्हा शहाद्याला जाऊन उरकून टाकू. लेकीबाळींनी हक्क सोडायचा आणि साडी घ्यायची, आपल्याकडे कुणी त्याचा हिशेब मांडत नाही. तुझ्या आबांना अग्नी कुणी दिला, हे मी तुला आठवण करून द्यायची गरज नाही.

भूपेंद्र

---

काठी,
६ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

गूगल शिकले. शनिवार-रविवार मोलगीच्या सायबर कॅफेत बसले. मालक भरत म्हणाला, मॅडम, इतका वेळ तर लोक लग्नाची पोरगी शोधत नाहीत.

जे सापडलं ते सांगते. एका माणसानं अख्ख्या एसक्यूएल भाषेचं व्याकरण तक्त्यासारखं मांडून ठेवलंय, फुकट. त्यात वाक्य कसं लिहायचं ते आहे, त्याचा अर्थ काय ते नाही. मला अर्थ पाहिजे. मग १९९२चा एक मसुदा सापडला, टाइपरायटरसारख्या अक्षरात, शेकडो पानं. आणि त्यात आहे, भाऊ. चौथ्या प्रकरणात सरळ लिहिलंय की कोऱ्या नसलेल्या किमती सारख्या असतील अशा दोन ओळी नसल्या की बंधन पाळलं गेलं. मी वाचलं आणि तिथेच डोळ्यांना पाणी आलं. भरतनं पंखा माझ्याकडे वळवला, त्याला वाटलं उकडतंय.

पण हा मसुदा. वर मसुदा असंच छापलंय. आणि तेहतीस वर्षं जुना. समितीनं विचारलं की आजचं काय, तर?

धुळ्याच्या एका कॉलेजात एक प्राध्यापक आहेत. त्यांच्या ग्रंथालयात मूळ मानकाची विकत घेतलेली प्रत आहे, तीही अलीकडची. फोनवर बोलले माझ्याशी, म्हणाले रविवारी या, हवं ते पान ग्रंथपालाच्या शिक्क्यानिशी देतो. मार्चपासून ते मुलाकडे परदेशी चाललेत. काठीहून धुळे म्हणजे दोन दिवस मोडतात, दोन दिवसांचे तास बुडतात आणि मुख्याध्यापक आधीच तोंड वाकडं करून आहेत. तरी जाईन म्हणते. सोळा तारखेला जाऊ का? तू म्हणशील ते. यातलं तुला जास्त कळतं.

हक्कसोडीचं कळलं. आई काय म्हणाली, तेही काकूंनी फोनवर ऐकवलं. आखाजीचं आखाजीला बघू.

रोहिणी

---

पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी,

हे पत्र मुद्दाम स्पीड पोस्टानं टाकतोय, सोळाच्या आत मिळावं म्हणून. धुळ्याला जाऊ नकोस.

तू शोधलेला मसुदा मी पाहिला. त्या एका वाक्यात मसुदा आणि त्या सालचं छापील मानक यांत अक्षराचा फरक नाही, हे मी तुला खात्रीनं सांगतो. मग दोन दिवस, एसटीचा धक्का आणि मुख्याध्यापकाचं तोंड कशासाठी? समितीत तज्ज्ञ असतात, ते शिक्के बघत नाहीत, मुद्दा बघतात. उलट कुठल्या तरी कॉलेजचा शिक्का लावलास तर वाटेल, बाई दारोदार फिरून आली.

त्या मसुद्याची हवी ती पानं मी इथे चांगल्या कागदावर काढून, स्पायरल बांधून सोबत पाठवतोय. वाक्याखाली पिवळी रेघ ओढली आहे. हेच जोड. दुसऱ्या कुणाला विचारत बसू नकोस, चार लोकांचे चार सल्ले घेतले की अर्ज बिघडतो.

बघ, भाऊ रागावतो पण करतो की नाही? आता तू आखाजीचं मोघम बोलू नकोस. तारीख घ्यावी लागते तिथे.

भूपेंद्र

---

काठी,
२१ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

स्पायरल मिळालं. इतका गुळगुळीत कागद आमच्या शाळेनं पाहिलेला नाही. वसतिगृहाच्या मावशींनी हात पुसून मग हात लावला. मागच्या पत्रात मी वाकडं लिहिलं असेल तर विसरून जा. तू शेवटच्या दाराबद्दल लिहिलंस ते लागलं होतं. सासरी मी शेवटच्या दाराशी भांडले, कारण आधीची सगळी दारं आतून लावलेली होती. असू दे. तू कामाला आलास.

धुळ्याला गेले नाही. प्राध्यापकांना फोन करून नको म्हटलं. ते म्हणाले, बघा बुवा, मी अठ्ठावीसला निघतोय. मी म्हटलं, माझा भाऊ पुण्यात याच क्षेत्रात आहे.

काल हरकत टपालात टाकली. तुझी पानं जोडली, आणि वर दोन पानांचा अर्ज माझ्या हातानं लिहिला. त्यात समजायला सोपं जावं म्हणून आमच्या वसतिगृहाच्या रजिस्टरमधलं एक उदाहरण दिलंय. काय ते तुला सांगत नाही, तू हसशील. कुणालाच दाखवलं नाही, थेट पाकिटात घातलं.

सहीचं म्हणत होतास. जागा मिळाली की मी आईला घेऊन येते आणि मग त्या तुकड्याचं मला काय करायचंय? देते सही. आखाजीच्या आदल्या दिवसाची तारीख घे. आबांना अग्नी तू दिलास हे मी कधी विसरले नाही.

आता होळीची गडबड सुरू होईल. पोरं आत्तापासूनच घरी जायला लागलीत, वर्गात निम्मे बाक रिकामे आहेत. होळीचा दांडा उभा करतात त्या दिवशी रात्रभर इथे ढोल असतो. या वर्षी मी बघायला जाणार आहे, दर वर्षी खोलीत बसून राहते.

रोहिणी

---

काठी,
२४ मार्च २०२५

भाऊ,

फेटाळली.

कागद आला, तो उतरवून देते. 'सादर केलेला दस्तऐवज हा १९९२चा मसुदा असून तो अधिकृत संदर्भ ठरत नाही. प्रचलित मानकाची मूळ प्रत जोडलेली नाही. तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार उत्तरतालिका कायम. हरकत अमान्य.' चार ओळी. स्पायरल परत पाठवलंय, पिवळ्या रेघेसकट.

तू म्हणालास ते शिक्के बघत नाहीत. त्यांनी शिक्क्याशिवाय दुसरं काही बघितलंच नाही. माझी दोन पानं कुणी वाचली की नाही, देव जाणे.

अपील एकदाच करता येतं, ७ एप्रिलच्या आत, मूळ प्रत जोडूनच. धुळ्याच्या प्राध्यापकांचा फोन लागत नाही. कॉलेजात विचारलं तर ग्रंथपाल म्हणाले, ते कपाट सरांच्या नावावर आहे, सर आल्यावर बघा. ऑगस्टमध्ये येतील.

भाऊ, एकदा नीट शोध. तुमच्या कंपनीत, ओळखीच्यांत, कुणाकडे तरी असेल. एक पान. फोटो नाही चालणार, पण छापून, कुणाच्या तरी नावाची प्रत आहे असं दिसलं तरी चालेल. मी तुझ्या पाया पडते असं समज. आईला मी होळीच्या फोनवर सांगून बसले की मे महिन्यात न्यायला येते. ती म्हणाली, "मन्हं गठुडं बांधेल शे." तिनं खरंच बांधून ठेवलंय, काकू सांगत होत्या. हसत सांगत होत्या.

रोहिणी

---

पुणे,
२९ मार्च २०२५

चि. रोहिणी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. पण आता मन घट्ट करून लिहितो, कारण घरात तुला खरं सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही.

कंपनीत ती प्रत नाही, हे मी आधीच लिहिलं होतं. चौकशी केली, कुठेही नाही. त्यामुळे अपिलाचा नाद सोड. नाद सोडण्यातही शहाणपण असतं. मसुदा तर उत्तम होता, पण अर्ज कसा लिहितो यालाही महत्त्व असतं. समितीसमोर तांत्रिक भाषा लागते. वंतीचाही आधार नंबर नाही आणि रमिलाचाही नाही, म्हणून त्या दोघी एकच मुलगी होतात का, असलं लिहिलं की तज्ज्ञ माणूस पहिल्या पानावरच कंटाळतो. समिती म्हणजे आश्रमशाळा नव्हे, रोहे. तू नेहमी असं मनाला लावून, डोळ्यांत पाणी आणून लिहितेस. त्यानं सासर टिकलं नाही, नोकरी कशी मिळणार?

असो. तासिका आहेत, पोटापुरतं आहे, तुझ्यामागे कुणी नाही. मोठीआई आमच्याकडे आहे, पडवीत का होईना छप्पर आहे. तिचं गाठोडं माझ्या आईनं सोडून ठेवलंय.

२९ एप्रिलची सकाळी अकराची वेळ शहाद्याला मिळाली आहे. मी दोन दिवसांची रजा टाकून येतोय, बाबा येतील, दोन साक्षीदार सांगून ठेवलेत. तुझ्यासाठी पैठणी घेतली आहे, तुझ्या वहिनीनं स्वतः निवडली. मंगल कार्यालयाचं भूमिपूजन लगोलग आखाजीच्या मुहूर्तावर, पत्रिका छापायला दिल्यात. त्यात तुझंही नाव आहे, निमंत्रकांत.

भूपेंद्र

---

काठी,
५ एप्रिल २०२५

प्रिय भाऊ,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं, इतकं नीट मी तुझं कुठलंच पत्र वाचलं नव्हतं. तू म्हणतोस ते बरोबर आहे. मी अर्ज फार मनाला लावून लिहिते.

२९ तारीख लक्षात ठेवली आहे. साक्षीदारांना सांग, वेळेवर या. काकांना उन्हाचं जीपमध्ये पुढे बसव.

तुझं पत्र जपून ठेवलं आहे. पाकिटासकट, तुमच्या तिथल्या पोस्टाचा शिक्का स्पष्ट उमटलाय.

तुझी बहीण,
रोहिणी

---

पुणे,
३ मे २०२५

रोहिणी,

तू काय केलंस हे तुला कळतंय का?

अकरापासून साडेचारपर्यंत आम्ही शहाद्याला त्या कचेरीच्या पायरीवर बसलो होतो. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. साक्षीदार दोनदा चहा पिऊन निघून गेले. तुझा फोन बंद. मला वाटलं एसटी चुकली, घाटात काही झालं. मी मोलगीला भरतच्या दुकानात फोन लावला, तर तो म्हणतो, मॅडम तर सकाळीच नंदुरबारच्या गाडीत बसल्या, हातात फाइल होती.

दुसऱ्या दिवशी तीनशे माणसं भूमिपूजनाला. जिच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव तसंच आहे, त्या जागेत नारळ फोडला मी. आणि दुपारी मांडवातच समितीचा फोन. प्रश्न काढताना नात्यातला उमेदवार आहे हे का कळवलं नाही, आणि उमेदवाराला हरकतीतला मजकूर कसा माहीत. माझ्याच हातचं पत्र मला वाचून दाखवलं. वंती आणि रमिला. मी म्हटलं, तिनंच सांगितलं असेल. तर म्हणाले, तिचं २१ फेब्रुवारीचं तुम्हाला लिहिलेलं पत्र असेल तर आणा, काय सांगितलं ते बघू.

हो, तो प्रश्न मी काढला होता. माझ्या नावापुढे पाटील, तुझ्या नावापुढे पाटील, जिल्ह्यात निम्मे पाटील, मी कशाला कळवू? मी अठरा वर्षं ज्या कंपनीच्या डेटाबेसवर काम करतो, त्यात कोरी जागा एकदाच चालते. रोज हाताखालून जातं ते लिहिलं, ग्रंथ उघडून बघितला नाही. चूक झाली. माणसाची होते. पण एकदा उत्तरतालिका लागल्यावर मी उठून सांगायचं की मला माझाच विषय येत नाही? हरकत बघायलाही त्यांनी माझ्याकडेच पाठवली, तो काय माझा दोष? मला त्या प्रश्न काढणाऱ्यांच्या मंडळावर घ्यायला सात वर्षं लागली. तुझं काय गेलं असतं? तुला तासिकांची सवय आहे.

आता ऐक. मूळ मानकाचं पान सोबत जोडलं आहे, अगदी आजच्या आवृत्तीचं. त्यात तर लिहिलंय की कोऱ्या जागा वेगळ्या मानायच्या की सारख्या हे तक्ता करणाऱ्यानं सांगायचं, आणि नाही सांगितलं तर ज्या त्या डेटाबेसवर सोडलं आहे. म्हणजे 'एकच' हे उत्तर कुठल्याच सालात बरोबर नव्हतं. घे. तुला हवं होतं ना? हे वापर, समितीला काय हवं ते लिही, पण माझं पत्र परत माग. गैरसमज झाला होता असं लिहून दे. इथे कंपनीपर्यंत गेलं तर माझं अठरा वर्षांचं नाव जाईल.

आणि सहीचं मे अखेर उरकायचं. मोठीआई आमच्या पडवीत आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. ती आता तुझं नाव काढत नाही. बाकी तू शहाणी आहेस.

भूपेंद्र

---

काठी,
११ मे २०२५

भूपेंद्र,

पान मिळालं. चांगलं छापलंय. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्याच्या खऱ्या घरात बघितलं, पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. तुला आवडत नाही, तरी आलं.

मग खाली बघितलं. विकत घेतलेल्या प्रतीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, कुणी घेतली आणि कधी डाउनलोड केली. तुमच्या कंपनीचं नाव आहे. त्यापुढे तारीख आहे, २५ जानेवारी २०२५. माझं पहिलं पत्र तुला त्याच सुमारास मिळालं. सत्तावीसला तू मला लिहिलंस, कंपनीत असलं काही ठेवत नाहीत. म्हणजे पान तुझ्यासमोर उघडं होतं आणि तू मला गूगल शिकायला सांगत होतास. मग मी धुळ्याला निघाले तर स्पीड पोस्टानं अडवलंस. तुझं स्पायरल वसतिगृहातच आहे. पोरी त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर चित्रं काढतात.

मी समितीकडे गेले ते २९ला, नंदुरबारला त्यांची बैठक होती म्हणून. अपिलाची मुदत तोवर संपून तीन आठवडे झाले होते. मला माहीत होतं. पाच एप्रिलला तुला गोड पत्र लिहिलं, तेव्हा हातात दोन दिवस होते आणि मूळ प्रत कुठेच नव्हती. तेव्हा मी त्या मार्काचा नाद सोडला. नाद सोडण्यातही शहाणपण असतं, तूच लिहिलंस. मग उरलं ते फक्त तुझं पत्र.

समितीनं मला लेखी कळवलंय. तुझं नाव मंडळावरून काढलं. प्रश्न चुकीचा होता हे मान्य. पण नेमणुका झाल्यात, यादी बदलत नाही. त्या जागेवर साक्रीकडची एक मुलगी रुजू झाली, चांगली आहे म्हणतात. म्हणजे माझं जे गेलं ते गेलंच. तुझंही गेलं, आणि ते मला आवडलं. खोटं कशाला बोलू, खूप आवडलं. तुला त्या पायरीवर साडेचारपर्यंत बसलेलं मी मनात रोज बघते.

आखाजीला मी प्रकाशाला आले होते. तुला कुणी सांगितलं नाही? तू मांडवात होतास. मी मागच्या दारानं पडवीत गेले, आईला म्हटलं चल, एक खोली आहे, दोघी राहू. ती भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "ज्यानी तुन्हा बापले आग दिधी, त्यान्हा पोटवर तू पाय दिधा. नको येजो आते." गाठोडं पुन्हा बांधलेलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं माझ्यापासून लांब सरकवलं. मी तासभर बसले. तिनं पाणीसुद्धा दिलं नाही. मग निघाले. तेव्हा तिच्या नावानं मला धमकी देऊ नकोस. ती तुझ्याच बाजूची आहे. तिला सांभाळ. तिनं अंगठा तुला दिलाय, मला नाही.

सही मिळणार नाही. मे अखेर नाही, पुढच्या आखाजीला नाही. विकणारही नाही, कसणारही नाही. माझं नाव तिथे तसंच राहील, आणि तुझ्या मंगल कार्यालयाच्या मधोमध माझा हिस्सा राहील. पैठणी वहिनीला नेसव.

तुझं पत्र परत मागणार नाही. गैरसमज झाला असं लिहून देणार नाही. त्याच्यासोबत मला आज आलेलं हे पानही समितीकडे पाठवतेय, तळाच्या तारखेखाली पिवळी रेघ ओढून. एक प्रत तुमच्या कंपनीला, नाव पानावरच आहे.

तुला तुझ्या पत्राची प्रत हवी असेल तर माहितीच्या अधिकारात समितीकडे अर्ज कर. दहा रुपयांचा अर्ज, मग पानाला दोन रुपये. फुकट मिळत नाही.

रोहिणी भिला पाटील